क्रोम रीसेट करूनही तेच सर्च पान परत का येतं?

मुलुंडच्या ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला नीट कळलाय का, ते तुम्हालाही दिसावं म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडतो. धाकट्या बहिणीला परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता, फोटो 50 केबीच्या आत हवा होता, म्हणून तिने फोटो लहान करायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवलं. त्या दिवसापासून क्रोम उघडला की गूगलऐवजी भलतंच सर्चचं पान येतं. उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले’ अशा चौकटी टपकतात. क्रोमच्या मेनूत तळाला ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ आली आहे. तुम्ही दोनदा क्रोम रीसेट केला, दोन्ही वेळा दीड-दोन दिवस बरे गेले आणि मग येरे माझ्या मागल्या. याच लॅपटॉपवर आईंच्या पोळीभाजी केंद्राच्या ऑर्डरी आहेत, हिशेब आहे, बँक आहे. बुकमार्क आणि पासवर्ड न घालवता जुनी सेटिंग परत कशी आणायची, की सरळ फॉर्मॅट मारायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली 21 वर्षं लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. अशी तक्रार घेऊन आठवड्याला कुणी ना कुणी येतंच, आणि जवळजवळ प्रत्येकाने येण्याआधी तुमच्यासारखाच रीसेट करून पाहिलेला असतो. रीसेटमध्ये तुमचं काही चुकलेलं नाही. पण हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालंय. बदललेलं सर्च पान ब्राउझरमध्ये दिसतं म्हणून आपण ब्राउझर दुरुस्त करतो. ते बदलणारा प्रोग्राम मात्र ब्राउझरच्या बाहेर, विंडोजमध्ये बसलेला असतो. तुम्ही सेटिंग जागेवर आणता, तो ठरल्या वेळी उठतो आणि पुन्हा फिरवतो. दीड-दोन दिवस बरे गेले, हीच त्याची खूण आहे. म्हणून ‘सेटिंग परत कशी आणू’ याच्या आधी ‘ती पुन्हा कोण बदलतंय’ हे शोधायचं.

तो इतका चिवट का असतो, तेही सांगतो. तुम्ही काहीही शोधलंत की तो शोध त्याच्या पानावरून जातो, जाहिराती त्याच्या दिसतात आणि प्रत्येक क्लिकमागे त्याला कमिशन मिळतं. तुमचं सर्च पान हेच त्याचं उत्पन्न आहे. 2017 च्या जूनमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाचा असाच प्रकार उघड केला होता. तोही फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत यायचा आणि होमपेज व सर्च इंजिन बदलायचा. जगभरात 25 कोटी आणि भारतात सुमारे 2 कोटी 53 लाख कॉम्प्युटरना त्याची लागण झाली, असा त्यांचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला असल्याचं म्हटलं होतं. आकड्याबद्दल वाद असला तरी कार्यपद्धती तीच होती, आणि तिच्यातला खरा धोका असा की जो प्रोग्राम गुपचूप सर्च पान बदलू शकतो, तो उद्या गुपचूप दुसरं काहीही उतरवू शकतो.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. लॅपटॉप तुमच्या किंवा भावाच्या ऑफिसने दिलेला असेल, तर ‘मॅनेज्ड बाय’ ही ओळ खरीखुरी असू शकते. मग पुढचं काहीही करू नका, ऑफिसच्या आयटीवाल्यांना कळवा. काही अँटिव्हायरसही स्वतःचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवताना ही ओळ आणतात. लॅपटॉप घरचा असेल आणि ओळ त्या सॉफ्टवेअरच्या दिवशीच उगवली असेल, तर ती घुसखोराचीच धरायची. दुसरं म्हणजे, त्या सॉफ्टवेअरने फक्त सर्च पान बदललं की पासवर्डही चोरले, हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मी दोन्ही शक्यता धरूनच काम करतो.

त्यासाठी पहिलं काम लॅपटॉपवर करायचंच नाही. फोन हातात घ्या, वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू करा आणि ज्या ईमेलवर बँकेचे संदेश येतात, त्याचा पासवर्ड बदला. मग त्याच खात्यात ‘युवर डिव्हायसेस’मध्ये जाऊन तो लॅपटॉप लॉगआउट करा. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. आपण एकदा लॉगिन केलं की ब्राउझरकडे एक कुकी राहते. सिनेमाच्या मध्यंतरात बाहेर जाताना हातावर शिक्का मारतात, तशी ती असते. शिक्का दाखवला की तिकीट कुणी मागत नाही. कुकी चोरणाऱ्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. लॉगआउट केलं की तो शिक्का बाद होतो. ईमेलनंतर नेटबँकिंगचा पासवर्ड बदला. खात्यातून पैसे गेलेले दिसले, तर लॅपटॉपचं सगळं बाजूला ठेवून आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि लगेच बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी रोखता आले तर आले, त्यामुळे तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं. सफाई होईपर्यंत त्या लॅपटॉपवर बँक उघडू नका. आईंच्या ऑर्डरी दोन दिवस वहीत लिहाव्या लागल्या तरी चालेल.

आता बुकमार्क आणि पासवर्ड. बुकमार्क मॅनेजरमध्ये ‘एक्स्पोर्ट’ आहे. एकच छोटी फाइल तयार होते, ती पेनड्राइव्हवर ठेवा. पासवर्डचंही तसंच एक्स्पोर्ट मिळतं, पण ते या लॅपटॉपवर करू नका. त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे, वाचता येतील असे लिहिलेले असतात, आणि घरात चोर आहे असं वाटत असताना तिजोरी उघडून दागिने टेबलावर मांडायचे नसतात. तुम्ही क्रोममध्ये गूगल खात्याने साइन इन केलेलं असेल, तर पासवर्ड बहुतेक खात्यातही असतील. फोनवर गूगल पासवर्ड मॅनेजर उघडून खात्री करा. क्रोमचं सगळं प्रोफाइल फोल्डरच उचलून ठेवा, असा सल्ला काही जण देतात. मी तो देत नाही, कारण त्या फोल्डरमध्ये ते एक्स्टेन्शनही असतं. दोन महिन्यांनी फोल्डर परत टाकलं की तेही परत येतं.

यानंतर क्रोमचं सिंक, म्हणजे बुकमार्क, एक्स्टेन्शन वगैरे गूगल खात्यात साठवून प्रत्येक कॉम्प्युटरवर सारखं ठेवायची सोय, बंद करा. हे बरेच जण विसरतात. खराब एक्स्टेन्शन खात्यात साठलेलं असेल, तर तुम्ही लॅपटॉप कितीही घासूनपुसून काढलात तरी पुन्हा साइन इन करताच ते वरून खाली उतरतं. परळला एका क्लासमध्ये चार कॉम्प्युटर एकाच गूगल खात्यावर चालायचे. एक साफ केला की बाकीच्या तिघांतून घाण परत यायची. चारही बंद करून एकेक साफ केले, तेव्हा सुटका झाली. तुमच्या घरी तेच खाते दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर चालू असेल, तर तिथलंही सिंक थांबवा.

मग खरी शोधमोहीम. ती तारखेपासून सुरू करायची. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ उघडा आणि यादी तारखेप्रमाणे लावा. बहिणीने ते सॉफ्टवेअर उतरवलं, तो दिवस बघा. त्याच दिवशी आणखी काय आलंय? बहुधा एकटं आलेलं नसतं. हवामान दाखवणारं काहीतरी, पीडीएफचं काहीतरी, ‘पीसी फास्ट करतो’ म्हणणारं काहीतरी, असे दोन-तीन सोबती असतात. बहिणीला शेजारी बसवून विचारा, ‘यातलं तू मागितलेलं कुठलं?’ न मागितलेलं सगळं काढा, आणि ते मूळ सॉफ्टवेअरही काढा. ‘काढल्यास फोटो उघडणार नाहीत’ वगैरे भीती घालणारी चौकट आली, तर तिच्याकडे लक्ष देऊ नका.

पण एवढ्यावर भागत नाही. इथे एक अनुभव सविस्तर सांगतो, कारण तुमचीही गोष्ट त्याच वळणाची वाटते. गिरगावात एका चाळीत एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांचा कॉम्प्युटर मी दोनदा साफ केला होता. प्रोग्राम काढले, क्रोम रीसेट केला, त्यांच्यासमोर दाखवला आणि घरी आलो. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. तिसऱ्या वेळी मी सकाळी लवकर गेलो, कशालाही हात लावला नाही, कॉम्प्युटर चालू करून नुसता समोर बसून राहिलो. बाईंनी चहा आणून ठेवला. बरोबर साडेनऊला स्क्रीनच्या मधोमध एक काळी खिडकी चमकली आणि पापणी लवते न लवते तोच गेली. क्रोम उघडला, तर सर्च पान बदललेलं. ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा विंडोजमधला टास्क शेड्युलर उघडला. त्यात ‘अपडेट’ या शब्दाने संपणारं, कुणालाही खरं वाटेल असं नाव असलेलं एक काम लावलेलं होतं. रोज 9:30 वाजता, शिवाय दर लॉगिनला. ते चालवत काय होतं, तर ‘अ‍ॅपडेटा’ या प्रोग्रामांचा डेटा ठेवणाऱ्या लपलेल्या फोल्डरच्या आत, अर्थ न लागणाऱ्या अक्षरांचं नाव असलेल्या फोल्डरमधली एक छोटी स्क्रिप्ट. प्रोग्राम मी कधीच काढून टाकला होता, त्याचा पहारेकरी मात्र मागे राहिला होता. काम बंद केलं, फोल्डर उडवलं आणि मग रीसेट केला. त्यानंतर आजवर बाईंचा फोन येतो तो प्रिंटरसाठी.

तुम्हीही स्टार्टमध्ये ‘टास्क शेड्युलर’ शोधा, डावीकडे ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’वर क्लिक करा आणि प्रत्येक कामाचा ‘अ‍ॅक्शन्स’ टॅब बघा. अ‍ॅपडेटा, टेम्प किंवा प्रोग्रामडेटा यांच्या आतून काहीतरी चालतंय का? तिथून काही चांगली सॉफ्टवेअरही चालतात, त्यामुळे नुसत्या जागेवरून निकाल देऊ नका. नाव ओळखीचं आहे का आणि तारीख त्या दिवसाची आहे का, हेही जुळवून पाहा. शंका आली तर आधी ‘डिसेबल’ करा, लगेच ‘डिलीट’ नको. आठवडाभर सगळं नीट चाललं की मग उडवा. टास्क मॅनेजरमधली ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ची यादीही तशीच तपासा.

आता स्कॅन. बाहेरचं काही उतरवण्याआधी विंडोजमधलाच अँटिव्हायरस, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, वापरा. पण स्कॅनच्या आधी ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंगमध्ये खाली ‘एक्स्क्लूजन्स’ आहे, ते उघडा. ज्या फोल्डरकडे डिफेंडरने बघू नये, त्यांची ती यादी असते. घुसखोर पुष्कळदा स्वतःचं फोल्डर त्यात घालून ठेवतो आणि मग स्कॅन कितीही केला तरी ‘सगळं ठीक’ असंच उत्तर येतं. तुम्ही न टाकलेली नोंद काढा. त्यानंतर ‘स्कॅन ऑप्शन्स’मधला ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच स्कॅन होतो, म्हणजे पहारेकऱ्याला उठायची संधीच मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. चार्जर लावून ठेवा.

दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडवक्लीनर या कामासाठी चांगलं आणि मोफत आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रावरही मोफत सफाईची साधनं मिळतात, त्यात पुण्याच्या क्विक हीलचंही आहे. मात्र यातलं काहीही त्या बिघडलेल्या क्रोममध्ये शोधून उतरवू नका. शोधाचं पानच त्याच्या ताब्यात असताना ‘व्हायरस काढायचं सॉफ्टवेअर’ म्हणून तो काय पुढे करेल, याचा भरवसा नाही. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर थेट मूळ साइटवरून घ्या आणि पेनड्राइव्हने आणा. क्रोममध्येच पूर्वी सफाईचं एक साधन होतं, अजूनही काही जुन्या व्हिडिओंत ते दाखवतात. 2023 मध्ये क्रोमच्या 111 व्या आवृत्तीपासून गूगलने ते काढून टाकलं, त्यामुळे शोधत बसू नका.

आता ती ‘मॅनेज्ड बाय’ची ओळ. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पुढे पॉलिसी असं इंग्रजीत टाइप करा. मोठ्या कंपन्यांना आपल्या हजारो कॉम्प्युटरवर एकच नियम लावता यावा, म्हणून ही सोय आहे. घरच्या लॅपटॉपवर हे पान सहसा रिकामं असतं. तुमच्याकडे तिथे सर्च इंजिनचं नाव किंवा ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ असं काही दिसलं, तर ते एक्स्टेन्शन ‘रिमूव्ह’ का होत नाही, याचं उत्तर मिळालं. घुसखोराने स्वतःला तुमच्या लॅपटॉपचा साहेब नेमून घेतलंय. हे नियम बहुधा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग साठवणाऱ्या नोंदवहीत, लिहिलेले असतात. रजिस्ट्री एडिटर उघडून एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या वाटेने जा. तशीच वाट एचकी करंट युजरखालीही आहे, दोन्ही बघा. काढण्याआधी त्या ‘क्रोम’ नोंदीवर राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवा, मग ती नोंद काढा. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही तोच त्रास असेल तर पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, एज इथे बघा. क्रोम पुन्हा उघडून पॉलिसीच्या पानावर ‘रिलोड पॉलिसीज’ दाबा. पान रिकामं झालं पाहिजे. रीस्टार्टनंतर नोंद परत आली, तर विंडोजच्या सिस्टम 32 मध्ये ‘ग्रुपपॉलिसी’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात कुणीतरी नियमांची फाइल ठेवलेली असते. रजिस्ट्रीत हात घालायची भीती वाटत असेल तर एवढ्या एका टप्प्यापुरतं कुणा जाणत्याला शेजारी बसवा. भीती वाटणं बरोबर आहे. तिथे ‘अनडू’ नसतं.

तीन छोट्या जागा उरल्या. पहिली डेस्कटॉपवरचा क्रोमचा आयकॉन. राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘टार्गेट’. ही ओळ क्रोमच्या प्रोग्रामच्या नावावर आणि अवतरणचिन्हावर संपायला हवी. चौकट लहान असते, शेवट दिसत नाही. आत क्लिक करून की-बोर्डवरची ‘एंड’ ही की दाबा. लालबागच्या एका अकाउंटंटच्या ऑफिसात सगळं स्वच्छ करूनही भलतंच पान उघडत होतं. ‘एंड’ दाबल्यावर ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा आणि तिच्यापुढे त्या पानाचा अख्खा पत्ता चिकटवलेला दिसला. प्रत्येक वेळी क्रोम त्या पत्त्यासकट उघडत होता. शेपूट पुसून टाकलं, दहा सेकंदांत काम झालं. ‘प्रोफाइल डिरेक्टरी’ असं शेपूट असेल तर ते क्रोमचं स्वतःचं असतं, राहू द्या. टास्कबारवरचा आयकॉन हा वेगळा शॉर्टकट असतो, तो स्वतंत्रपणे बघा. दुसरी जागा म्हणजे नेटवर्क सेटिंग्जमधला ‘प्रॉक्सी’, तुमचं इंटरनेट ज्याच्यातून वळवून नेलं जातं तो मधला कॉम्प्युटर. तुम्ही मुद्दाम लावलेला नसेल तर मॅन्युअल प्रॉक्सी बंदच हवा. तिसरी ‘होस्ट्स’ फाइल, सिस्टम 32, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरात. कुठल्या साइटचं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं, ते तिच्यात लिहिता येतं. नोटपॅडमध्ये उघडली की मूळ फाइलमध्ये सगळ्या ओळी हॅश चिन्हाने सुरू होतात. हॅश नसलेल्या ओळीत बँकेचं किंवा गूगलचं नाव दिसलं तर ती काढायची.

राऊटर तपासायची गरज सहसा पडत नाही, पण एक चाचणी सोपी आहे. घरच्या वायफायवर फोनही भलत्या पानावर जातो, आणि मोबाइल डेटावर तोच फोन नीट चालतो, असं होतंय का? तसं असेल तर राऊटरचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर, बदललेला असू शकतो. आपल्याकडे केबलवाल्याने लावलेल्या राऊटरचा पासवर्ड कित्येकदा कारखान्यातून आला तसाच असतो. ही काही कल्पनेतली भीती नाही. ‘डीएनएसचेंजर’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरात 40 लाखांहून जास्त कॉम्प्युटर असेच भलत्या वाटेला लावले होते, आणि नोव्हेंबर 2011 मध्ये एफबीआयने ती टोळी पकडली. त्यांचे सर्व्हर लगेच बंद केले असते, तर इतक्या लोकांचं इंटरनेटच थांबलं असतं, म्हणून त्यांच्या जागी चांगले सर्व्हर लावून 9 जुलै 2012 पर्यंत चालवावे लागले. तुमच्या बाबतीत त्रास एकाच लॅपटॉपवर आहे, म्हणून मी राऊटरवर संशय घेत नाही.

इथवर काय झालं ते एकदा बघून घ्या. खाती फोनवरून सुरक्षित केली, बुकमार्क बाहेर काढले, सिंक थांबवलं, प्रोग्राम आणि त्याचा पहारेकरी काढला, ऑफलाइन स्कॅन झाला, पॉलिसी आणि शॉर्टकट तपासले. यानंतर तुम्ही दोनदा केलेला तोच रीसेट पुन्हा करायचा. या वेळी तो टिकेल.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘रीसेट सेटिंग्ज’ उघडून सगळं मूळ स्थितीला न्यायचा पर्याय दाबा. सर्च इंजिन, सुरुवातीचं पान, नवीन टॅबचं पान, पिन केलेले टॅब आणि साइटना दिलेल्या परवानग्या मूळ जागी जातात. एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकी पुसल्या जातात, म्हणून सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल. बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड राहतात. तुमची भीती याबद्दलच होती, तेवढी मनातून काढून टाका. एक गोष्ट लक्षात घ्या, एक्स्टेन्शन ‘बंद’ होतात, ‘निघून’ जात नाहीत. एक्स्टेन्शनच्या पानावर जाऊन नको ती ‘रिमूव्ह’ करा. एजमध्येही असाच रीसेट आहे, तोही करून घ्या. घरात कुणी फायरफॉक्स वापरत असेल तर तिथे ‘रीफ्रेश फायरफॉक्स’ म्हणतात. ते एक्स्टेन्शन काढून टाकतं, बुकमार्क आणि पासवर्ड ठेवतं, आणि जुना डेटा डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये काढून ठेवतं. सगळं ठीक दिसल्यावर ते फोल्डर पुसा, कारण त्यात तुमची खासगी माहिती असते.

‘5 व्हायरस सापडले’ या चौकटी बहुतेक वेळा व्हायरसच्या नसतातच. कधीतरी एखाद्या पानावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा’ असं लिहिलेलं असतं आणि आपण दाबतो. ती नोटिफिकेशनची परवानगी असते. रीसेटनंतर साइट सेटिंग्जमधली ‘नोटिफिकेशन्स’ची यादी एकदा डोळ्यांखालून घाला, अनोळखी साइट काढा, आणि साइटनी परवानगी मागूच नये हा पर्याय निवडा. आईंच्या फोनमधल्या क्रोममध्येही ही यादी वेगळी असते. तीही बघा. अशा चौकटीवर दिलेल्या नंबरला फोन मात्र कधीच करू नका.

एक्स्टेन्शन परत बसवताना घाई नको. मी एका दिवशी एकच बसवतो, दुसऱ्या दिवशी सगळं ठीक असेल तर पुढचं. त्रास परत आला तर कुणामुळे, ते लगेच कळतं. पूर्वी चांगलं होतं म्हणून आजही चांगलंच असेल, असंही धरू नका. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं एक्स्टेन्शन मीच कितीतरी गिऱ्हाइकांना बसवून दिलं होतं. 2020 मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्या कुणाला विकलं, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून बंद केलं. तेव्हा मी एकेका गिऱ्हाइकाला फोन करून ते काढायला लावलं होतं.

उरला फॉर्मॅटचा प्रश्न. निव्वळ सर्च पान बदलणाऱ्यासाठी मी फॉर्मॅट मारत नाही. पण डिफेंडर चालूच होत नसेल, स्कॅनमध्ये पासवर्ड चोरणाऱ्याचं नाव निघालं असेल, लॅपटॉपवर क्रॅक केलेली सॉफ्टवेअर असतील, किंवा एवढं करूनही तिसऱ्यांदा तेच झालं, तर मी वेळ घालवत नाही. हिशेबाच्या फाइल आणि फोटो बाजूला काढतो आणि विंडोज नव्याने टाकतो. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज 10 असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. नव्याने टाकायची वेळ आलीच, तर त्या लॅपटॉपवर विंडोज 11 चालतं का, ते आधी पाहा. पैशांचा व्यवहार ज्या कॉम्प्युटरवर होतो, तिथे मी ‘बहुतेक साफ झालं असेल’ यावर थांबत नाही.

रविवारी दुपारचे तीन तास मोकळे ठेवा. रीसेटनंतर दोनदा रीस्टार्ट करा आणि मंगळवारपर्यंत रोज सकाळी सर्च पान बघा. तोवर सिंक चालू करू नका, बँकही नको. मंगळवारी सगळं जागेवर असेल तर फोनवरून ज्या खात्यांचे पासवर्ड बदलायचे राहिले, ते बदला, आणि मग लॅपटॉपवर साइन इन करा. पान परत बदललं, तर टास्क शेड्युलरच्या यादीचा, पॉलिसीच्या पानाचा आणि ‘टार्गेट’च्या ओळीच्या शेवटाचा असे तीन फोटो फोनने काढून मला दाखवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.

आणि बहिणीवर रागावू नका. फॉर्मची शेवटची तारीख डोक्यावर असताना माणूस जे समोर दिसेल ते दाबतो. तिला सांगा, फोटो लहान करायला काहीच उतरवावं लागत नाही. विंडोजमधल्या पेंटमध्ये फोटो उघडायचा, ‘रीसाइझ’मध्ये पिक्सेल निवडून फॉर्ममध्ये सांगितलेली रुंदी भरायची आणि ‘सेव्ह अ‍ॅज’मधून जेपेग म्हणून वेगळ्या नावाने ठेवायचा. फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये किती केबी झाली ते दिसतं. अजून मोठी असेल तर आकडा थोडा आणखी कमी करून पुन्हा सेव्ह करायची, फक्त फॉर्ममधल्या किमान मापाच्या खाली जायचं नाही.